शाहूपुरीतल्या वखारीच्या जागेवरचं व्यापारी संकुल : परवाने आणि जोडण्यांच्या नोंदी

जागा : कोल्हापुरातली शाहूपुरी, ई वॉर्ड. प्लॉट ७४० चौ. मी. जुनी गुळाची वखार पाडून खाली पार्किंग, वर तीन मजले, एकूण २२ गाळे. नकाशे आर्किटेक्टकडे, बांधकाम ठेकेदाराकडे. कागदपत्रं आणि लाइट-पाणी-ड्रेनेज माझ्याकडे.

८ जानेवारी २०२४
सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा आला. कार्डावर अजून मालकांचे वडीलच. त्यांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली, घरफाळा दरवर्षी वेळेवर भरलाय, पण वारसनोंद कुणी केली नाही. आपल्याकडं ही गोष्ट घरोघरी सापडते. वारस तिघं : अण्णा, बापू आणि निपाणीला दिलेल्या आक्का. आक्का हक्कसोड करणार नाहीत, आणि का करावी? म्हणजे इथून पुढं प्रत्येक अर्जावर तीन सह्या. अण्णांना म्हटलं, आधी नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करा, नाहीतर प्रत्येक कागदाला निपाणीची एसटी धरावी लागेल. "करूया की, घाई काय हाय," म्हणाले. घाई हायच.

३० जानेवारी
हद्दीची मोजणी झाली. शेजाऱ्यांच्या जिन्याच्या दोन पायऱ्या आमच्या हद्दीत. भांडायचं नाही असं ठरलं. सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) मात्र मोजणीच्या खुणेपासूनच धरणार, कंपाउंडपासून नाही. मोजणीच्या नकाशाच्या ('क' प्रतीच्या) प्रती काढून सगळ्या फायलींना लावल्या.

१३ फेब्रुवारी
आजचा दिवस पूररेषेचा. सगळा प्रकल्प इथूनच ठरतोय असं आता वाटतंय.

जयंती नाल्याकडच्या अंगाला असल्यामुळं प्लॉट निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये पडतो. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम नाही. निळ्या-लालच्या मध्ये चालतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत हे स्पष्ट लिहिलंय.

ऑटो लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र) लावून पातळ्या घेतल्या. रस्त्याच्या मध्यापासून लाल रेषा १.२० मीटर वर. म्हणजे जोतं १.६५ वर. वखारीच्या आतल्या भिंतीवर अण्णांनी कोळशानं दोन रेघा मारून ठेवल्यात, खाली '२०१९', तिच्या किंचित वर '२०२१'. वरच्या रेघेवर स्टाफ (मोजपट्टी) धरला : १.१२ मीटर. लाल रेषा तिच्या फक्त चार बोटं वर. आर्किटेक्टचा शिकाऊ पोरगा इतका वेळ "एवढं उंच कशाला" म्हणत होता, तो गप्प झाला. रेघेच्या खाली चुना सगळा सुटलाय, वर शाबूत आहे.

आता प्रश्न दुकानांचा. १.६५ मीटर चढायचं तर अपंगांसाठी १:१२ उताराचा रॅम्प १९.८ मीटर लांब होतो, मधले टप्पे वेगळे. समोर तेवढी जागाच नाही. आणि दहा-अकरा पायऱ्या चढून साडी घ्यायला कोण येणार, हा बापूंचा सवाल. शेवटी ठरलं : रस्त्याच्या पातळीवर पूर्ण पार्किंग, तुळईखाली २.४ मीटर मोकळी उंची, त्यावर ३ मीटरला दुकानांचा पहिला स्लॅब. पुराच्या पाण्यात पार्किंग बुडालं तर बुडू दे. वर जायला रस्त्याकडं तोंड असलेली लिफ्ट आणि रुंद जिना.

मंजुरीसाठी जोत्याची पातळी बघतात. पण मीटर रूम, पंप, टाकीचं तोंड, लिफ्टचं पॅनेल हे सगळं पाण्यात गेलं तर जोतं वर असून उपयोग काय? २०१९ ला आणि २०२१ ला या भागात पाणी ओसरल्यावरही बरेच दिवस लाइट नव्हती. आर्किटेक्टला आजच लिहून दिलं : विजेची कुठलीही वस्तू १.६५ च्या खाली दाखवायची नाही.

१ मार्च
अण्णांना चौथा मजला हवाय. आजची उंची ३ अधिक ३.६ चे तीन मजले, एकूण १३.८ मीटर. चौथा घातला की १७.४. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार १५ मीटरपासून पुढची इमारत उंच धरतात; अग्निशमनाची यादी वाढते, टाक्या मोठ्या होतात, गाडी फिरायला मोकळी जागा जास्त लागते. ही जागा पार्किंगमधून जाणार, आणि पार्किंग आधीच बोटावर मोजून बसवलंय. हिशेब कागदावर मांडून दिला. चौथ्या मजल्याचं भाडं येईल, पण त्यासाठी खालचे चार-पाच गाळे कमी करावे लागतील. अण्णा रात्री फोनवर : "ऱ्हाऊ दे चौथा."

तिसऱ्या मजल्यासाठी एक क्लासवाले आतापासून विचारतायत. कार्यालय म्हटलं तर संहिता माणशी १० चौ. मी. धरते, शिक्षण म्हटलं तर ४. मजला ३६० चौ. मी. म्हणजे ३६ माणसांऐवजी ९०. जिना त्याच हिशेबानं लागतो. दोन जिने आत्ताच नकाशात घातले. नंतर जिना घालता येत नाही.

१९ मार्च
मागच्या कोपऱ्यात उंबर आहे, चांगला दोन कवेचा. नकाशात तिथं डीपी (विजेचं रोहित्र) होती. झाड काढायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, जाहीर नोटीस, हरकती, बदली झाडं. ते सगळं करायची माझी तयारी होती. आक्का निपाणीहून आल्या होत्या कुलमुखत्यारपत्राच्या सहीला. म्हणाल्या, "औदुंबर तोडून तिथं डीपी बसवणार? नरसोबाच्या वाडीला कुठल्या तोंडानं जाऊ मी?" विषय संपला. डीपी पुढच्या डाव्या कोपऱ्यात आणली. खरं सांगायचं तर तीच जागा बरी. केबल निम्म्यानं कमी झाली.

८ मे
काल मतदान झालं. महिना-दीड महिना निम्मी माणसं निवडणुकीच्या कामात, टेबलं रिकामी. या काळात फाइल हलेल अशी आशाच धरली नव्हती. लोड काढून ठेवला : गाळ्याला सरासरी ५ किलोवॅट धरून ११०, लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे मिळून २०. एकूण १३०. गल्लीतल्या डीपीवर एवढी जागा नाही, स्वतंत्र २०० केव्हीएचं रोहित्र लागणार.

१२ जून
नकाशे बीपीएमएसवर (बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन प्रणालीवर) चढवले.

२ जुलै
त्रुटी आल्या. स्कूटरच्या काही जागा खांबाला घासतात (१ बाय २ मीटर मोकळी पाहिजे), पर्जन्यजल संधारणाचा खड्डा दाखवलेला नाही (५०० चौ. मी. वरच्या प्लॉटला सक्तीचा), आणि पुढच्या छज्जापासून ११ केव्ही लाइनचं अंतर लिहिलेलं नाही. तिन्ही रास्त आहेत. लाइनचं तर आम्हालाच आधी मोजायला हवं होतं असं ठेकेदार म्हणाला. मोजलं होतं, लिहिलं नव्हतं. आडवं अंतर किमान १.२ मीटर लागतं. आमचं १.४५ येतंय, पण छज्जावर उद्या कुणी बोर्डाची फ्रेम पुढं काढली की संपलं. नकाशावरच टीप टाकली : या बाजूला बाहेर येणारे फलक नाहीत.

२६ जुलै
पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर धोक्याच्या ४३ फुटांच्या पुढं आहे. कुंभार गल्लीतली माणसं हलवायला सुरुवात. प्लॉटवर दुपारी गेलो, नाल्याचं पाणी गटारीतून उलटं वर येत होतं. नदी अजून लांब असताना पाणी आधी ड्रेनेजमधून आत येतं, हे डोळ्यांनी बघितलं. ड्रेनेजच्या जोडणीला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह घालायचा, आणि तो उघडून साफ करता येईल असा चेंबर. नकाशात नव्हता, वाढवला.

२० ऑगस्ट
चलनं भरली. विकास शुल्क (व्यापारीला निवासीपेक्षा जास्त), प्रीमियम, बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार कल्याण उपकर, छाननी शुल्क, अनामत. रक्कम बघून बापू म्हणाले, "एवढ्यात एक मजला झाला असता." झाला नसता, पण पाया निघाला असता.

२० सप्टेंबर
गणपती झाले आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आलं. मुदत एक वर्ष, पुढं वाढवून घेता येते. फायरचा प्राथमिक ना-हरकत दाखला सोबत.

११ ऑक्टोबर
उद्या दसरा, कुदळ मारणार. तात्पुरत्या मीटरसाठी अर्ज केला तर निघालं की वखारीचं जुनं मीटर कायमचं बंद झालेलं, त्यावर जुनी बाकी. रक्कम किरकोळ. भरून निरंक दाखला घेतला. जुन्या इमारतीच्या जागेवर काम धरणाऱ्यांनी हे पाडकामाच्या आधीच बघून ठेवावं.

बापूंनी आज समोर फ्लेक्स लावला, 'गाळे विक्रीस उपलब्ध'. लगेच काढायला लावला. ५०० चौ. मी. पेक्षा मोठा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त गाळे. विकायचे असतील तर महारेराची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, दंड प्रकल्प खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जातो. भाड्यानं द्यायचे असतील तर नोंदणी लागत नाही. बापू : "एका फ्लेक्सला एवढं?" एका फ्लेक्सलाच. तिघांनी बसून ठरवलं, विकायचे नाहीत, भाड्यानंच द्यायचे.

२१ जानेवारी २०२५
जोते तपासणी. पातळी पुन्हा लेव्हलनं दाखवली. दाखला आठवड्यात.

१८ मार्च
रोहित्राचं अंदाजपत्रक मंजूर. दोन रस्ते असतात : महावितरणनं काम करायचं आणि आपण खर्च भरायचा, किंवा मान्यताप्राप्त ठेकेदाराकडून आपण करून घ्यायचं आणि त्यांना १.३ टक्के देखरेख शुल्क भरायचं. दुसरा धरला. खर्च हातात राहतो आणि वेळही बराचसा आपल्या हातात.

डीपी जमिनीवर चौथरा करून की दोन खांबांवर, यावर ठेकेदाराशी अर्धा दिवस गेला. त्याचं म्हणणं चौथऱ्यावर, कुंपण केलं की झालं, दुरुस्तीला सोपं. मी खांबांवरच अडून बसलो. खांबावरचं रोहित्र पुरात आपोआप वर राहतं, चौथरा १.६५ करायचा तर शिडी लागणार आणि दिसायलाही टॉवरच. शिवाय तळातली जागा गाड्यांना मिळते.

२ एप्रिल
रस्ता खोदाईची परवानगी. ११ केव्ही केबल गल्लीच्या तोंडापासून, पाण्याची आणि ड्रेनेजची जोडणी त्याच पट्ट्यातून. पावसाळ्यात खोदाई बंद असते, म्हणून तिन्ही कामं एकाच अर्जात आणि एकाच चरात बसवायचा प्रयत्न. पुनर्भरणाचा खर्च डांबरी, काँक्रीट, मुरूम असा वेगवेगळा धरतात. आमच्या पट्ट्यात अर्धं काँक्रीट.

२२ मे
पाऊस. मे महिन्यातच धो-धो. चर अजून उघडा, केबल टाकून झालेली, वर वाळू आणि विटा बसवलेल्या, पण मुरूम भरायचा राहिलाय. परवा ठेकेदाराच्या माणसानं जेसीबीचं बकेट लावलं ते थेट शेजारच्या गल्लीच्या पाण्याच्या पाइपला. सकाळी पाच वाजता पाणी येतं, बायका घागरी घेऊन उभ्या आणि नळाला फुसफुस. प्लंबर मामा बनियनवरच आले, रबर आणि क्लॅम्प लावून तासाभरात गळती थांबवली. गल्लीनं शिव्या मला घातल्या, ठेकेदार तेव्हा सातारला होता. टँकर सांगितला, प्रत्येक घरी स्वतः जाऊन आलो. एका आजींनी चहा दिला आणि वर सुनावलंही : "दुकानं तुमची, पाणी आमचं व्हय?"

यापुढं मशीन लावायच्या आधी हातानं एक आडवा चर काढून पाइप उघडा करायचा, ही अट ठेकेदाराच्या पुढच्या बिलाला जोडली.

२७ मे
चर भरला. पाऊस चालूच.

१५ जुलै
लिफ्ट. विद्युत निरीक्षकांकडून उभारणीची परवानगी घेतलीच होती, आता चालवण्याचा परवाना. २०१७ च्या उदवाहन कायद्यानं दोन्ही वेगळे. लिफ्टचा खड्डा रस्त्याच्याही खाली जातो, तो पुरात भरणारच. पॅनेल सर्वात वरच्या मजल्यावर, खड्ड्यात पाण्याचा सेन्सर, पाणी लागलं की लिफ्ट वर जाऊन थांबणार. कंपनीच्या माणसाला हे मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं म्हणे. कोल्हापुरात काम करतोय आणि पहिल्यांदाच?

१६ सप्टेंबर
रोहित्राची तपासणी. न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थिंग, बॉडीला वेगळी. खड्ड्यांचा रोध मोजला, आकडे छान आले, ठेकेदार खुश. मी नव्हतो. चार महिने पाऊस पिऊन काळी माती ओली गच्च आहे, आत्ता चांगलाच येणार. एप्रिलमध्ये हीच माती भेगाळते तेव्हाचा आकडा खरा. एक जादा खड्डा घालायला लावला, तो पट्टीनं बाकीच्यांना जोडला. ठेकेदार कुरकुरला, "पास झालंय की वो सायेब." झालंय, पण इथं बसणार मी.

९ ऑक्टोबर
पाण्याची जोडणी. घरफाळ्याची बाकी निरंक, मान्यताप्राप्त प्लंबरचा अर्ज, मीटर, मुख्य लाइनवर फेरूल (नळजोडाचा तुकडा). नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला आलं. २०१९ आणि २०२१ ला नदीवरची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि बाहेर पूर असताना नळ कोरडे होते. तो अनुभव असल्यामुळं अण्णांनी भूमिगत टाकी दुप्पट सांगितली. टाकी पार्किंगखाली आहे, तोंडाला काँक्रीटची मान देऊन ती १.६५ च्या वर नेली. दिसायला विहिरीसारखी दिसते, गाडी लावणारे हसतात. पंप जिन्याच्या मधल्या टप्प्यावर.

टाकीचा स्लॅब अग्निशमन गाडीच्या वजनासाठी, ४५ टन धरून. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला सुरुवातीला सांगितलं म्हणून बरं.

३० ऑक्टोबर
फायरची अंतिम पाहणी. होज रील, गच्चीवरची स्वतंत्र टाकी, पंप, कॉल पॉइंट, सिलिंडर. परवानाधारक एजन्सीचा फॉर्म ए (यंत्रणा बसवल्याचा दाखला) जोडला. एका जिन्याच्या दारासमोर रंगाचे डबे रचलेले होते, ते त्यांच्यासमोरच उचलले. अधिकारी फक्त म्हणाले, "उद्या इथं क्लासवाल्यांच्या चपला असणार बघा." खरं आहे. भाडेकरारात अट घातली.

२८ नोव्हेंबर
भोगवटा प्रमाणपत्र. पहिल्या मजल्याची बँक याच्यासाठीच थांबली होती. भोगवटा नसताना त्यांचं फर्निचरचं कामही सुरू होत नाही.

१० डिसेंबर
२२ गाळ्यांची मीटरं बसली, पॅनेलला सील. कायमचा पुरवठा चालू, तात्पुरतं मीटर परत केलं, त्याच्या अनामतीचा अर्ज वेगळा. घरफाळ्याच्या आकारणीसाठी मोजमाप झालं, पार्किंगचं क्षेत्र वेगळं धरलंय का ते नोटीस आल्यावर बघायचं. नसेल तर मुदतीत हरकत.

राहिलेली कामं : बांधकामाची अनामत परत मिळवणं, खोदाईच्या पट्ट्यात एका ठिकाणी काँक्रीट खचलंय ते ठेकेदाराकडून दुरुस्त करून घेणं (त्याचं शेवटचं बिल अडवलंय), जानेवारीत फायरचा फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला), तो पुन्हा जुलैत. भाडेकरूंच्या दुकान नोंदणीचं त्यांनी बघायचं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नुसती सूचना पुरते, हे तिघांना फोनवर सांगितलं. अर्थिंगचं रीडिंग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, ठेकेदाराला समोर उभं करून.